तटबंदीच्या आत मुक्काम

व्युर्त्सबुर्ग आणि फ्यूसेन ही दक्षिण जर्मनीतली दोन गावं ए-सात या ऑटोबानने जोडलेली आहेत. सकाळी नाश्ता करून निघालं तर दुपारच्या जेवणाला आल्प्सच्या पायथ्याशी. पण त्याच दोन गावांमध्ये दुसराही एक रस्ता आहे. तो टाउबर नदीच्या खोऱ्यात उतरतो, शेतांमधून वळणं घेतो, वाटेतल्या जुन्या गावांत वेशीतून आत शिरतो आणि साडेचारशे किलोमीटरच्या आसपास फिरवून तुम्हाला तिथेच आणून सोडतो. त्याचं नाव रोमांटिशे श्ट्रासे, म्हणजे रोमँटिक रोड. हे नाव जुनं नाही. १९५० साली, युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली असताना, या वाटेवरच्या गावांनी एकत्र येऊन हा मार्ग आखला आणि त्याला हे नाव दिलं. शहरंच्या शहरं ढिगाऱ्याखाली गेलेल्या देशातल्या माणसांनी जगाला ‘या, आमची गावं बघा’ असं म्हणावं, या धीराचं मला फार नवल वाटतं. आजही रस्त्याच्या कडेला तपकिरी पाट्या दिसतात. त्यांतल्या काहींवर जर्मन नावाखाली जपानी अक्षरंसुद्धा आहेत.

माझा भाचा स्टुटगार्टला नोकरीला आहे. गाडी तोच चालवणार होता. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही तिघं, मी, माझे यजमान आणि तो, मुक्काम ठरवायला बसलो. रोथेनबुर्गनंतर मी डिंकेल्सब्यूलवर बोट ठेवलं, मग न्योर्डलिंगनवर.

“मावशी, ही दोन गावं तीस किलोमीटरवर आहेत. अर्ध्या तासाच्या रस्त्यावर परत मुक्काम?”

“हो, परत मुक्काम.”

“काका, तुम्ही तरी सांगा हिला.”

काकांनी काही सांगितलं नाही. त्यांनी डिंकेल्सब्यूलमधल्या खाणावळींची यादी उघडली होती.

माझ्या आग्रहाला कारण होतं. रोथेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल, न्योर्डलिंगन, ऑग्सबुर्ग ही सगळी एकेकाळची ‘राइशश्टाट’, म्हणजे थेट सम्राटाच्या अखत्यारीतली स्वतंत्र नगरं. मधे कुणी राजा नाही, सरदार नाही. तीस किलोमीटरवरच्या शेजारी नगरात वेगळी नगरसभा, वेगळे कायदे, वेगळी मोजमापं. तट ही त्या राज्याची सरहद्द आणि वेस हा तिचा नाका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनच्या काळातल्या उलथापालथीत ही नगरं बव्हेरियात विलीन झाली, तोवर शेकडो वर्षं हे असंच चाललं. अशा एकेका गावाला एक दुपार देऊन पुढे जाणं म्हणजे एक आख्खा देश खिडकीतून बघणं. दिवसा या गावांत बसमधून उतरलेल्यांची गर्दी असते. संध्याकाळी सहानंतर बसगाड्या निघून जातात आणि वेशीच्या आत उरतं ते गाव. ते बघायचं असेल तर झोपायला तटाच्या आतच जागा हवी.

आखणीतल्या काही गोष्टी इथे लिहून ठेवते, कारण निवांत प्रवास या बारक्या गोष्टींवरच उभा असतो. गावातल्या गास्टहोफला, म्हणजे खाली खाणावळ आणि वर खोल्या अशा घराला, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. बहुधा सोमवार किंवा मंगळवार. त्या दिवशी स्वयंपाकघर बंद. इतर दिवशीही दुपारी दोननंतर चूल निवते ती संध्याकाळीच पेटते आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत आटोपते. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून फळं, दही, पाव शनिवारीच घेऊन ठेवायचं. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा मोसम. लोणी-बटाट्यांबरोबर येणारी ती शतावरी शाकाहारी माणसाला मोठा आधार देते. एरवी केझश्पेत्सले आहेच, म्हणजे चीज घातलेल्या आणि वर परतलेला कांदा पेरलेल्या कणकेच्या गाठी.

गाडीत एक निळं पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवावं लागतं, पार्कशाइबं. जिथे ठरावीक वेळ फुकट गाडी लावता येते, तिथे पोचल्याची वेळ दाखवणारी चकती फिरवून ते काचेमागे ठेवायचं. काटा पुढच्या अर्ध्या तासावर नेऊन ठेवायचा, असा नियमच आहे. तीन वाजून पाच मिनिटांनी आलात तर साडेतीन. म्हणजे पंचवीस मिनिटं सरकारने तुम्हाला भेट दिली. तिथे ना पावती, ना माणूस. तुम्ही लावलेल्या वेळेवर सगळ्यांचा विश्वास. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. ती छोटी गल्ली असो की सायकलवरची आजी असो, भाचा थांबायचा आणि समोरचाही आपण थांबणार हे गृहीत धरून बिनघोर निघून जायचा. हॉर्न मी ऐकलाच नाही म्हटलं तरी चालेल.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवली. त्यामुळे सुरुवात व्युर्त्सबुर्गपासून.

तिथला बिशपचा राजवाडा, रेसिडेन्झ, बाल्थाझार नॉयमान या वास्तुकाराने अठराव्या शतकात बांधला. आत शिरलं की एक जिना. रुंद, पसरट, चढताना श्वासही लागू नये अशा पायऱ्यांचा. वळणावर पोचेपर्यंत छत दिसत नाही आणि मग एकदम सगळं आभाळ उघडतं. इटलीहून बोलावलेल्या जोव्हान्नी बात्तिस्ता त्येपोलोने १७५२-५३ मध्ये या छतावर सहाशेहून अधिक चौरस मीटरचं चित्र रंगवलं. चार बाजूंना चार खंड. आशिया हत्तीवर बसून आलेली बाई आहे. हत्ती थोडा अनोळखी वाटतो, पण डौल खरा. छताला मधे एकही खांब नाही. सुमारे अठरा मीटर रुंद आणि तीस मीटर लांब दगडी कमान नुसती तरंगते.

१६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वीस मिनिटांच्या आसपास या शहरावर बॉम्ब टाकले. सुमारे ५,००० माणसं गेली, जुनं शहर जवळजवळ सगळं जळालं, राजवाड्याचं लाकडी छप्पर पेटून कोसळलं. नॉयमानची कमान मात्र तो जळता भार अंगावर झेलून उभी राहिली. पुढचा धोका पावसाचा होता. वर आडोसा नाही आणि खाली दोनशे वर्षांचं ओल्या चुन्यावर काढलेलं चित्र. तेव्हा अमेरिकी सैन्यातला जॉन स्किल्टन नावाचा कलारक्षक अधिकारी तिथे आला. त्याने लाकूड मिळवलं, त्या उद्ध्वस्त मुलखात माणसं जमवली आणि कमानीवर तात्पुरतं छप्पर चढवलं. जिंकलेल्या सैन्यातल्या एका माणसाने हरलेल्या शहराचं छत वाचवलं. ते कळल्यावर मी जिना उतरून पुन्हा चढले आणि पुन्हा वर बघितलं.

संध्याकाळी माइन नदीवरच्या जुन्या पुलावर सगळं गाव येतं. दोन्ही कठड्यांवर संतांचे दगडी पुतळे आणि त्यांच्या पायांशी हातात वाइनचा पेला घेऊन उभे असलेले आजी-आजोबा, विद्यार्थी, ऑफिसातून आलेले लोक. पेला काचेचा. त्याची अनामत द्यायची, परत केला की पैसे परत. समोरच्या टेकडीवर त्याच वाइनच्या द्राक्षांचे मळे.

रोथेनबुर्गबद्दल लोकांनी इतकं ऐकवलं होतं की मी थोडी सावध होते. दुपारी ते गाव खरंच माणसांनी तुडुंब भरलेलं असतं. पण सेंट याकोब चर्चमध्ये वरच्या मजल्यावर टिलमान रीमेनश्नायडरने लिंडनच्या लाकडात कोरलेली वेदी आहे. तिथे बाकड्यावर बसले आणि उठवेना. सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं काम. येशूचं शेवटचं भोजन, पण मधोमध उभा आहे जुडास, ज्याने दगा दिला तो. लाकडाला रंग नाही. मागे छोट्या गोल काचांच्या खिडक्या आहेत. दुपारचं ऊन त्यांतून येऊन आकृत्यांच्या पाठी, बोटं, दाढीचे कुरळे केस उजळत जातं आणि चेहऱ्यांवरचे भाव उजेडाबरोबर बदलत राहतात. रीमेनश्नायडर व्युर्त्सबुर्गचा महापौरही झाला होता. १५२५ च्या शेतकरी उठावात नगरसभेने शेतकऱ्यांविरुद्ध लढायला नकार दिला. त्यात तोही होता, म्हणून तुरुंगात गेला. त्यानंतर मोठी कामं त्याला मिळाली नाहीत.

रोथेनबुर्गचा तट चढायला मोफत आहे. वर लाकडी छपराखालून अरुंद वाट जाते, एका हाताला दगडी भिंत आणि दुसऱ्या हाताला गावाची कौलं. भिंतीत छोट्या पाट्या बसवल्या आहेत, कुणाचं तरी नाव आणि किती मीटर ते. ३१ मार्च १९४५ च्या हल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा भाग आणि तटाचा मोठा तुकडा पडला होता. पुढे तोफांचा मारा होऊन उरलेलंही जायचं. पण अमेरिकी युद्धखात्यातल्या जॉन मॅक्लॉयला या गावाची महती आईच्या तोंडून ऐकून माहीत होती. तोफा वापरू नयेत असं त्याने सेनापतीला सुचवलं, बोलणी झाली, गाव शरण आलं आणि वाचलं. नंतर तट बांधायला जगभरातून पैसे आले. एकेका मीटरचे दाते, त्यांत कितीतरी जपानी. मी बराच वेळ नुसती नावं वाचत चालले. ज्यांचा या गावाशी काहीच संबंध नव्हता, अशा माणसांनी त्याचा मीटरभर तट आपला मानला होता.

डिंकेल्सब्यूलला युद्धाची झळ जवळजवळ लागली नाही. रंगीत घरांच्या रांगा, वेशीबाहेर तळं, तळ्यात बदकं. दर जुलैत इथे ‘किंडरत्सेशं’ नावाचा मुलांचा उत्सव होतो. १६३२ मध्ये स्वीडिश सैन्याने गाव घेतलं तेव्हा मुलांनी पुढे होऊन सेनापतीकडे गावासाठी दया मागितली, अशी आख्यायिका आहे. आम्ही गेलो तेव्हा उत्सव नव्हता. गास्टहोफच्या मालकीणबाईंना मात्र आपण लहानपणी त्यात कुठे उभ्या होतो हे अजून आठवत होतं. त्यांनी आम्हाला अंगणात नेऊन ती जागा बोटाने दाखवली.

या गावांचे तट का टिकले, याचं उत्तर थोडं दुःखाचं आहे. तीस वर्षांच्या युद्धात, १६१८ ते १६४८ या काळात, ही नगरं पिळून निघाली. व्यापाराच्या वाटा दुसरीकडे गेल्या. नवे वाडे बांधायला, तट पाडून रस्ते रुंद करायला पैसाच उरला नाही. दोनशे वर्षांच्या गरिबीने जे पाडलं नाही, ते आज आपण मुद्दाम येऊन बघतो.

आणि मग न्योर्डलिंगन. एकच मुक्काम करता येणार असेल तर तो इथे करावा, असं माझं ठाम मत आहे.

नकाशात हे गाव जवळजवळ वाटोळं आहे. त्याचा तट आजही सलग फिरता येतो, अडीच किलोमीटरहून अधिक, पाच वेशींवरून. मधोमध चर्चचा नव्वद मीटर उंच बुरूज, त्याला प्रेमाने डॅनिएल म्हणतात. साडेतीनशे पायऱ्या चढून वर गेलं की लाल कौलांचं वर्तुळ, त्याभोवती हिरवं सपाट शेत आणि त्या शेताच्या पलीकडे, चारी बाजूंना, टेकड्यांची एक मोठी कड दिसते. ती कड म्हणजे विवराचा काठ. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी किलोमीटरभर रुंदीची एक उल्का इथे येऊन आदळली. तिने केलेला खड्डा चोवीस किलोमीटर व्यासाचा आहे. गावं, शेतं, रेल्वे, सगळं त्या खड्ड्याच्या तळाशी.

हे ऐकून आमच्या तिघांच्याही तोंडून एकदमच ‘लोणार’ निघालं. बुलढाण्याचं लोणार सरोवराचं विवर, १.८ किलोमीटर व्यासाचं, काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेलं. व्यासात दोघांची तुलना होत नाही, पण दैव दोघांचं एकच. दोन्ही विवरं फार काळ ज्वालामुखीची मानली गेली. लोणारला लवणासुराची कथाही होती, इथे नुसताच ज्वालामुखीचा सिद्धान्त. १९६० साली अमेरिकी भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर इथे आला, जवळच्या खाणीतले दगड घेतले आणि त्याच्या व एडवर्ड चाओच्या तपासणीत त्यांत कोएसाइट सापडलं. गारगोटीवर प्रचंड दाब आला की बनणारं हे खनिज आहे. असा दाब कुठलाही ज्वालामुखी देत नाही. लोणारच्या खडकातही असाच आघाताचा पुरावा १९७०च्या दशकात मिळाला.

मी बुरुजाच्या जिन्यात थांबून भिंतीवर हात ठेवला. दगड करडा, खरखरीत, मधेमधे काळपट काचेचे तुकडे अडकलेले. याला सुएव्हाइट म्हणतात. आघाताच्या क्षणी वितळलेला आणि चुरडलेला खडक एकत्र थिजून तो तयार झाला. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हिऱ्यांचे कण आहेत. पंधराव्या शतकातल्या गवंड्यांनी जवळ मिळाला तो दगड वापरला आणि आकाशातून आलेल्या आघाताचा देवळासाठी बुरूज झाला. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर, ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल, चंद्रावरचे दगड ओळखायला शिकण्यासाठी इथल्या खाणींत फिरले होते. गावातल्या विवर-संग्रहालयात चंद्रावरून आणलेल्या खडकाचा तुकडा ठेवला आहे. लोणारलाही जगभरचे अभ्यासक येतात, कारण बेसॉल्टमधलं असं विवर मंगळावरचा खडक समजून घ्यायला उपयोगी पडतं. त्याच्या काठावरच्या गावात न्योर्डलिंगनसारखं संग्रहालय असावं, शाळेच्या मुलाने जाता जाता तो दगड हातात घेऊन बघावा, असं मला मनापासून वाटतं.

रात्री दहानंतर दर अर्ध्या तासाला डॅनिएलच्या माथ्यावरून पहारेकरी हाक देतो, “सो, ग्ज़ेल, सो!” मध्यरात्रीपर्यंत. १४४० साली फितूर झालेल्या द्वारपालाने वेस उघडी ठेवली होती. तिथे अंग घासणाऱ्या डुकरामुळे एका बाईच्या ते ध्यानात आलं आणि गाव वाचलं, अशी गोष्ट या हाकेमागे सांगतात. आमच्या खोलीची खिडकी उघडी होती. भाचा म्हणाला, “मावशी, हे रेकॉर्डिंग असणार.” साडेदहाला आम्ही चौकात जाऊन उभे राहिलो. वर दिवा होता, माणूस होता आणि खालून कुणीतरी दिलेल्या ओ ला त्याने हात हलवला.

ऑग्सबुर्ग मोठं शहर आहे. तिथे गाडी लावून ट्रामने फिरावं. बघायचं ते फुग्गेराय. याकोब फुग्गर हा त्या काळातला युरोपातला सर्वांत श्रीमंत सावकार. सम्राटांना कर्ज द्यायचा. त्याने गावातल्या गरजूंसाठी एक वसाहत बांधली, १५२१ मध्ये तिचं दानपत्र केलं, आणि ती वसाहत आजही चालू आहे. पिवळ्या भिंतींच्या ६७ घरांत १४० बिऱ्हाडं. वर्षाचं भाडं ८८ सेंट. जुन्या एका ऱ्हाइनी गुल्डनची आजची किंमत. अटी तशाच आहेत: भाडेकरू ऑग्सबुर्गचा, कॅथलिक आणि गरजू असावा आणि त्याने दिवसातून तीन प्रार्थना म्हणाव्यात. संगीतकार मोझार्टचा पणजोबा, पेशाने गवंडी, इथेच राहत होता. घरं सारखी आहेत, म्हणून प्रत्येक दारावरच्या घंटेची लोखंडी दांडी वेगळ्या आकाराची केली आहे. कुठे तिपानी, कुठे देवदाराचं फळ. रस्त्यावर दिवे नसत तेव्हा माणूस अंधारात हाताने चाचपून आपलं दार ओळखायचा. मी डोळे मिटून एक दांडी चाचपली. थंड लोखंडाच्या तीन गोल पाकळ्या बोटांना स्पष्ट कळल्या.

फुग्गरांचा पैसा आला तो खाणी, तांबं, चांदी आणि सावकारीतून. त्यांतलं तांबं आपल्या किनाऱ्याकडेही निघालं होतं. १५३३ च्या सुमारास हिंदुस्थानच्या वाटेवर बुडालेलं एक पोर्तुगीज जहाज २००८ साली नामिबियाच्या किनाऱ्यावर सापडलं. त्यात तांब्याच्या शेकडो लगडी होत्या आणि त्यांवर फुग्गरांचा त्रिशूळ. १५०५ मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या आल्मेइदाच्या पोर्तुगीज आरमारात ऑग्सबुर्गच्या व्यापाऱ्यांनी मिऱ्यांसाठी पैसे घातले होते. शतकाच्या अखेरीस याच शहरात जन्मलेला फर्डिनांड क्रोन त्यांचा अडत्या म्हणून आधी कोचीनला आणि मग गोव्याला येऊन राहिला. म्हणजे मांडवीच्या काठावर बसून ऑग्सबुर्गला पत्रं लिहिणारा माणूस होता. फुग्गेरायच्या फाटकात उभं राहून हे आठवलं, तेव्हा ते शहर परकं वाटेना.

ऑग्सबुर्गच्या दक्षिणेला रस्ता लेख नदीची सोबत धरतो आणि समोर डोंगर वाढायला लागतात. म्हणूनच उत्तरेकडून यायचं. वाटेत कुरणांच्या मधोमध वीसकिर्शे हे चर्च आहे, डोमिनिकुस त्सिमरमानने १७४५ ते १७५४ मध्ये बांधलेलं. बाहेरून साधं, आत मात्र पांढरा, सोनेरी आणि निळा उजेडच उजेड. छत रंगवलं त्याच्या भावाने, योहान बाप्टिस्टने. एका शेतकऱ्याच्या घरातल्या लाकडी येशूच्या डोळ्यांत १७३८ साली अश्रू दिसले, म्हणून लोक येऊ लागले आणि त्यांच्यासाठी हे उभं राहिलं. बाहेर गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. बांधणारा त्सिमरमान म्हातारपणी या चर्चशेजारीच राहायला आला आणि इथेच वारला.

नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायचा तर वेळेचं तिकीट आधी काढावं, एवढंच सांगते. राजा लुडविग दुसरा १८८६ मध्ये गेला आणि काही आठवड्यांतच त्याचं ते खासगी स्वप्न लोकांसाठी उघडलं. गर्दी तेव्हापासून आहे. मला फ्यूसेन गाव अधिक आवडलं. १५६२ साली इथे ल्यूट हे तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिरांचा संघ स्थापन झाला, युरोपातला असा पहिला. भोवती डोंगरातलं लाकूड, दाराशी लेख नदी आणि रोमन लोकांनी आल्प्स ओलांडायला बांधलेला रस्ता. गाव लहान, कारागीर फार. तेव्हा पोरं शिकून बाहेर पडली, व्हेनिसला, पादुआला, व्हिएन्नाला. तिथल्या जुन्या वाद्यांच्या पोटातल्या चिठ्ठ्यांवर फ्यूसेनकरांची आडनावं सापडतात. गावात आजही व्हायोलिनच्या कार्यशाळा आहेत. एकीच्या खिडकीत नुकतीच कोरलेली, वार्निश न लावलेली व्हायोलिनची पाठ वाळत टांगली होती. भाच्याने ती बघितली, फोनवर नकाशा उघडला आणि आल्प्सपलीकडे पादुआपर्यंत वाटेत मुक्कामाची गावं कोणती ते शोधायला लागला.